थर चिकटवून केलेलं कागदी ग्लायडर: धड वाकडं का होतं आणि विमान नाकावर का आपटतं

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून, फेव्हिकॉलनं सात थर एकावर एक चिकटवून तुम्ही आणि तुमच्या मुलीनं ग्लायडरचं धड केलंत. सातही थर नाकापासून शेपटापर्यंत पूर्ण लांबीचे. रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवूनही सकाळी धड एका बाजूला वळलेलं निघालं. तसंच पंख लावून सोडलंत, तर ते वर चढतं, हवेत थांबतं आणि नाकावर आपटतं. म्हणून नाकाला क्ले लावत गेलात, तर आता ते हातातून सुटल्यावर थेट जमिनीकडेच जातं. प्रश्न असा की कागद बदलायचा, डिंक बदलायचा, की सरळ बाल्सा हे हलकं लाकूड आणायचं?

बाल्सा नको. कागद बदला, डिंक लावायची रीत बदला आणि ती क्ले पूर्ण काढून टाका. कागदी ग्लायडर उडवताना जे दोष दिसतात त्यातले बहुतेक टेबलावरच तयार झालेले असतात. मैदानावर शेपूट वाकवून ते तात्पुरते झाकता येतात, पण पुढच्या आपटीनंतर पुन्हा वर येतात. त्यामुळे उत्तराचा मोठा भाग मी धडावर खर्च करणार आहे. धड जमलं की बाकीचं काम निम्मं होतं.

सुरुवात कागदापासून. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात लाकडाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेला आडवे पडलेले असतात, खराट्याच्या काड्यांच्या जुडीत असतात तसे. या दिशेला छपाईवाले आणि बाइंडर ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेनं कागद ताठ असतो, आडव्या दिशेनं लवकर वाकतो. आपल्या कामासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ओल लागली की तंतू जाडीत फुगतात, लांबीत फारसे वाढत नाहीत. म्हणजे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला बराच पसरतो आणि लांबीच्या दिशेला अगदी थोडा.

आता तुमच्या धडाकडे बघा. पत्रिका छोटी असते, त्यामुळे तुकडे जसे बसतील तसे काढले असणार, काही उभे तर काही आडवे. म्हणजे काही थरांचा ग्रेन धडाच्या लांबीला समांतर आणि काहींचा आडवा. फेव्हिकॉलमध्ये भरपूर पाणी असतं. आडव्या ग्रेनचा थर ते पाणी पिऊन लांबीला वाढला, वाढलेल्या स्थितीतच चिकटला आणि वाळताना आकसला. आकसताना त्यानं शेजारच्या थरांना आपल्या बाजूला ओढलं. त्यात एका बाजूनं सुरुवात करून थरावर थर चढवत गेला असाल, तर प्रत्येक नवा ओला थर त्याच बाजूनं ओढणार. वजन कितीही ठेवलं तरी ही ओढ आतच राहते आणि पुस्तक उचललं की मोकळी होते.

ग्रेन ओळखायला काही लागत नाही. एकाच कागदातून साधारण दहा सेंटीमीटर लांब आणि एक सेंटीमीटर रुंद अशा दोन पट्ट्या कापा, एक उभी आणि एक आडवी. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत आडव्या धरा, मग पालथ्या करून पुन्हा बघा. जी पट्टी दुसरीला सोडून खाली झुकते तिच्यात ग्रेन आडवा आहे. जी ताठ राहते, तिच्या लांबीची दिशा ती ग्रेनची. शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बाण काढून ठेवा आणि धडाचा प्रत्येक तुकडा त्या बाणाला समांतर कापा. एकही अपवाद नको. प्लायवूडमध्ये थर आलटून-पालटून आडवे-उभे घालतात म्हणून इथेही तसं करावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. धड लांब आणि अरुंद असतं, त्याला ताकद लांबीच्याच दिशेला हवी असते, त्यामुळे इथे तो नियम लागू होत नाही.

कागद कुठला? पत्रिकेचा नको. तो बहुधा फार जाड असतो, एका बाजूनं गुळगुळीत लेप असतो, त्यावर सोनेरी छपाई किंवा उठावाचं काम असतं, आणि लेपावर डिंक नुसता बसतो, मुरत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कागदाच्या दुकानात साधा, लेप नसलेला, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा कार्डशीट मागा. जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, सांगून मागा: धडाला २०० ते २५०, पंख आणि शेपटाला १८० ते २२०. नारायण पेठ, सदाशिव पेठेतल्या छोट्या प्रेसमध्ये कटिंगच्या उरलेल्या पट्ट्या मिळतात, त्या धडासाठी उत्तम. पट्टी निवडताना ग्रेन तेवढा तपासून घ्या. शिवाजीनगरचा हातकागद मला फार आवडतो, पण या कामाला तो घेऊ नका. हातानं साच्यावर उचलल्यामुळे त्यात तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असतात, जाडी जागोजागी बदलते आणि तो ओलही पटकन धरतो.

आता डिंक. ट्यूबमध्ये मिळणारा पारदर्शक, पाणी नसलेला डिंक सर्वांत सोपा, कारण तो कागद फुगवत नाही. फेव्हिबॉन्डसारखा रबरी डिंकही कागद फुगवत नाही, पण तो वाळल्यावरही थोडा लवचीक राहतो. अशानं धड उन्हात हळूहळू वाकू शकतं, म्हणून मी तो धडाला वापरत नाही. फेव्हिक्विक कागदात झिरपून डाग पाडतं आणि तुकडा सरकवायला वेळच देत नाही. मोडलेलं टोक मैदानावर सांधायला ते खिशात असू द्या, त्यापलीकडे नको.

मी स्वतः मात्र फेव्हिकॉलच वापरतो, इस्त्रीच्या पद्धतीनं. हे नीट वाचा, कारण तुमची अडचण इथेच सुटते. फेव्हिकॉल वाळल्यावर त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो आणि तो उष्णतेनं मऊ पडून पुन्हा चिकटतो. म्हणून तुकडे कापायच्या आधीच शीटवर जुन्या एटीएम कार्डानं फेव्हिकॉल अगदी पातळ ओढून घ्यायचा, इतका की खालचा कागद दिसला पाहिजे. मधल्या थरांसाठीच्या शीटला दोन्ही बाजूंनी, सर्वांत बाहेरच्या दोन थरांसाठीच्या शीटला एकाच बाजूनं. मग ते पूर्ण वाळू द्यायचं. पांढुरका रंग जाऊन पापुद्रा पारदर्शक झाला पाहिजे आणि बोटाला अजिबात चिकटता कामा नये. या वेळी शीट थोडी वळेल, तिची काळजी करू नका. आता तुकडे कापा, रचा, वरखाली बटर पेपर ठेवा आणि वाफ बंद करून मध्यम गरम इस्त्री एका जागी दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. घासू नका, थर सरकतात. लगेच उचलून सपाट काचेवर ठेवा आणि वर वजन देऊन पूर्ण गार होऊ द्या. चिकटताना पाणीच नसल्यामुळे थर ओढाताण करत नाहीत. खात्री करायला आधी दोन तुकड्यांवर प्रयोग करा: सोलून काढताना कागदाचे तंतू फाटले तर जोड पक्का, पापुद्रा नुसताच सुटला तर इस्त्री आणखी गरम हवी. इस्त्री मुलीच्या हाती देताना शेजारी थांबा.

थरांचा क्रमही महत्त्वाचा. मधला थर आधी, मग त्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक, मग पुन्हा दोन्ही बाजूंना एक-एक. डावीकडे जे जाईल तेच उजवीकडे गेलं पाहिजे, त्याच कागदाचं, त्याच ग्रेनचं.

थर चिकटवून धड करण्याची ही शैली जगभर पोचवण्यात जपानी अभियंते यासुआकी निनोमिया यांचा फार मोठा वाटा आहे. १९६७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या आंतरराष्ट्रीय कागदी विमान स्पर्धेत त्यांनी बक्षिसं मिळवली, आणि पुढे त्यांच्या कापून-चिकटवून करायच्या संचांवर कितीतरी मुलांचे हात बसले. त्यांच्या विमानांची धडं पाहिलीत तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल: थर शेपटाकडे कमी कमी होत जातात. तुमचं विमान नाकावर का आपटत होतं, याचं उत्तर यात आहे.

गणित साधं आहे. समजा धड १८ सेंटीमीटर लांब आहे आणि विमान नाकापासून साधारण साडेसहा सेंटीमीटरवर तोललं जायला हवं. मग शेपटाचं टोक त्या बिंदूपासून साडेअकरा सेंटीमीटर मागे येतं. शेपटाच्या टोकाला एक ग्रॅम जादा कागद गेला, तर तो तोलायला नाकाच्या टोकाला पावणेदोन ग्रॅम लागतात. आणि या मापाचं सगळं विमानच पाच ग्रॅमच्या आसपास असायला हवं. तुमच्या धडात सातही जाड थर शेवटपर्यंत गेलेत, म्हणून शेपूट जड झालं, आणि शेपूट जड असलं की विमान नाक वर करून वेग गमावतं. त्यावर तुम्ही क्ले लावलीत, वजन वाढलं, आणि लावता लावता तोल पलीकडे, नाकाच्या बाजूला गेला.

म्हणून थर असे घ्या. मधला एक थर पूर्ण लांबीचा, त्यातच मागचा उभा पंखा कापून घ्यायचा. त्याच्या दोन्ही बाजूंचे थर शेपटाच्या जरा अलीकडे संपणारे. त्यांच्या बाहेरचे दोन पंखाच्या मागच्या कडेच्या थोडं पुढे जाऊन निमुळते होणारे. सर्वांत बाहेरचे दोन फक्त नाकापासून पंखाच्या मध्यापर्यंत. म्हणजे नाकात सात थर आणि शेपटाला एक ते तीन. धडाची उंची मध्ये १.२ सेंटीमीटर, शेपटाकडे ०.६. सगळ्या थरांची टोकं एकाच रेषेत संपवू नका, तिथे धड मोडतं. पंख बसवायला दुसऱ्या क्रमांकाच्या थरांना वरच्या बाजूला छोट्या पाकळ्या ठेवा, त्या बाहेर दुमडल्या की पंखासाठी बैठक तयार होते. दुमडायच्या रेघेवर आधी रिकाम्या रिफिलनं पट्टी लावून दाब द्या. कटरनं रेघ मारली तर तंतू तुटतात आणि पाकळी पहिल्याच धक्क्यात सुटते. ही बैठक पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर उंच हवी.

पंखाची मापं, सुरुवातीला चालतील अशी: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १८ सेंटीमीटर, मध्ये रुंदी ४.५, टोकाला ३. पुढची कड सरळ ठेवा आणि निमुळतेपणा मागच्या कडेला द्या, मोजायला सोपं जातं. आडवं शेपूट ८ सेंटीमीटर लांब, सरासरी २.५ रुंद. उभा पंखा ३ सेंटीमीटर उंच. पंखाचा ग्रेन टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे धडाला काटकोनात. असं केल्यानं पंख लांबीला ताठ राहतो आणि रुंदीला सहज गोलाई घेतो, दोन्ही आपल्याला हवंच असतं.

ती गोलाई विसरू नका. टेबलाच्या गोलसर कडेवरून किंवा जाड पेनावरून पंख हलक्या हातानं ओढा. चार सेंटीमीटर रुंदीला मध्ये सव्वा ते दीड मिलिमीटर उंचवटा पुरे, आणि सर्वांत उंच भाग पुढच्या कडेपासून एक तृतीयांशावर. अनेक जण खऱ्या विमानासारखा जाड, पोकळ पंख करायला जातात. इतक्या छोट्या आणि संथ पंखाला त्याचा तोटाच होतो. आपलं ग्लायडर सेकंदाला साडेचार-पाच मीटर वेगानं तरंगतं, आणि पंखाचं माप व वेग धरून काढला जाणारा रेनॉल्ड्स अंक इथे दहा-अकरा हजारांच्या घरात असतो. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, वर ओढली जाणारी खरी ग्लायडर दिसतात, त्यांचा हा अंक दहा लाखांच्या पुढे जातो. दहा हजारांच्या पातळीवर हवा जाड आकाराला धरून राहत नाही, पातळ वळवलेला पत्राच चांगला चालतो. कागद इथे मुळातच योग्य आहे. बाल्सा नको म्हटलं ते काही अंशी यासाठीच. बाल्सा हलका आहे हे खरं, घन सेंटीमीटरला ०.१६ ग्रॅमच्या आसपास, तर जाड कागद ०.८. पण बाल्साला गोलाई द्यायला घासकाम लागतं आणि तो आपटला की चिरतो. कागदाचं दुमडलेलं टोक बोटानं सरळ करून पुन्हा उडवता येतं, आणि शिकणाऱ्या मुलीला त्याचीच गरज आहे.

पंख बसवायच्या आधी त्याच्या मधल्या एक तृतीयांश भागाला खालून एक जादा थर द्या आणि मग मधोमध दुमडून दोन्ही टोकं मध्यापेक्षा साधारण दीड सेंटीमीटर वर येतील असा कोन करा. पुठ्ठ्याचा त्रिकोणी साचा कापून ठेवला की दोन्ही बाजू सारख्या येतात. या कोनामुळेच विमान एका अंगाला कललं तर स्वतःहून सरळ होतं. पंख आणि शेपूट बसवताना मात्र इस्त्री नको, ट्यूबचा डिंक घ्या, म्हणजे सरळ करायला मिनिटभर मिळतं. लगेच समोरून, एक डोळा मिटून बघा. पंखाची दोन्ही टोकं आणि शेपटाची दोन्ही टोकं समान उंचीवर दिसली पाहिजेत, आणि एका पंखाचा खालचा भाग दुसऱ्यापेक्षा जास्त दिसता कामा नये. तो दिसत असेल तर पंखाला पीळ आहे. डिंक ओला असतानाच तो काढा.

मग तोल. पुढच्या कडेपासून १.५ सेंटीमीटर मागे, दोन्ही पंखांच्या खाली धडालगत पेन्सिलीनं खूण करा आणि दोन बोटांच्या टोकांवर विमान तिथे उचला. ते आडवं राहिलं पाहिजे किंवा नाक किंचित खाली. शेपूट खाली गेलं तर नाकाला कागदाचाच एखादा थर वाढवा. नाक फार खाली गेलं तर नाकाकडचा थर कात्रीनं कमी करा. जोवर तोल खुणेवर येत नाही तोवर विमान सोडायचं नाही आणि शेपटालाही हात लावायचा नाही. तोल आणि शेपूट एकाच वेळी बदललं की कशाचा परिणाम कशावर झाला हे कळायला मार्ग राहत नाही.

पहिल्या फेकी गवतावर, वारा नसताना, खांद्याच्या उंचीवरून, नाक जरासं खाली ठेवून हलक्या ढकलीनं. जोरात फेकलेलं विमान वर चढणारच, तो दोष नव्हे. हलक्या फेकीतही नाक वर करून थांबत असेल, तर आडव्या शेपटाची मागची कड दोन्ही बाजूंनी केसभर खाली वाकवा. सरळ खाली जात असेल तर केसभर वर. डावीकडे-उजवीकडे जास्त वळत असेल तर आधी पंखाचा पीळ पुन्हा तपासा, आणि तो नसेल तरच उभ्या पंख्याची मागची कड उलट बाजूला वाकवा. थोडं वळण मात्र राहू द्या. मोठ्या वर्तुळात फिरणारं विमान मैदानातच राहतं.

आता पावसाळ्याचं. तुम्ही शेवटी विचारलंय की जूनमध्ये सरळ असलेलं आधीचं विमान जुलैत का वळलं. कारण तेच, ओल, फक्त या वेळी हवेतली. तयार विमानाला पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्या, पण पंखाच्या वर आणि खाली एकाच बैठकीत. एकाच बाजूला दिलात तर उघडी बाजू ओल पीत राहील आणि पंख वळेल. ठेवायला घट्ट झाकणाचा मिठाईचा चपटा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. लॅकर खिडकी उघडी ठेवून लावा.

उडवायला तुम्हाला तळजाईचं पठार जवळ आहे. पहिल्या फेकींसाठी तिथे सूर्योदयानंतरचा तासभर घ्या, हवा स्थिर असते. पुढे विमान जमलं की मार्च-एप्रिलमध्ये उशिराच्या सकाळी जा. तापलेल्या खडकाळ जमिनीवरून गरम हवा वर उठते, आणि ती कुठे आहे हे घारी सांगतात: पंख न हलवता जिथे त्या गोल फिरत वर जाताना दिसतील, त्या बाजूला विमान सोडा. पंखावर तुमचा फोन नंबर लिहून ठेवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे हवा किंचित विरळ आहे, म्हणून किनाऱ्यावरच्या कुणी सांगितलेल्या मापांपेक्षा विमान जरा वेगानं तरंगलं तर त्यात बिघाड शोधू नका.

रबरानं सोडायचं असेल तर नाकाखाली खाच कापायला सातही थरांचा भाग निवडा. रबर एका काडीला बांधा, विमान शेपटाजवळ धडाला धरा, उजवीकडे कलतं करा आणि नाक वर करून सोडा. विमान उजवीकडे वळत चढेल आणि वर पोचल्यावर डावीकडच्या वर्तुळात येईल, म्हणून सरळ तरंगताना त्याला हलकं डावं वळण आधीच देऊन ठेवायचं. समोर कुणी नाही याची खात्री करा आणि नाकाचं टोक गोल कापा, अणकुचीदार नको. मुलीला चष्मा नसेल तर साधा संरक्षक चष्मा द्या.

नवं धड झाल्यावर आणि तोल खुणेवर आणल्यावरही विमान एका बाजूला पडत असेल, तर एक फोटो बरोबर समोरून आणि एक वरून काढून पाठवा. दोन्हीत पंखाची टोकं कापली जाऊ देऊ नका.